घरचं गाठोडं

गाठोड्याच्या तळाशी, जिथे हिरव्या कापडाची शेवटची घडी आत खोचलेली असते, तिथे तळहाताएवढा भाग बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसत होता. डाग म्हणावा तर त्याला कडा नव्हती; रंग फिका होत होत कापडात विरून गेला होता. जंतूमॅडमने खिशातून गाळणकागदाचा तुकडा काढला, त्या जागेवर ठेवला आणि बोटाने दाबून धरला. उचलला तेव्हा कागद मधोमध पारदर्शक झाला होता. उजेडापुढे धरल्यावर त्यातून खिडकीची चौकट दिसली.

गाठोडं नुकतंच ऑटोक्लेव्हमधून बाहेर आलं होतं. वाफेच्या दाबाने जंतू मारणारं ते मोठं लोखंडी पिंप तळमजल्यावरच्या या खोलीत बसवलेलं होतं आणि वरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये लागणारे सगळे चिमटे, कात्र्या आणि फडकी अशा गाठोड्यांत बांधून त्याच्या पोटातून जाऊन यायची. गाठोड्याच्या तोंडावरची पट्टी काळी पडली होती. पट्टी काळी पडली म्हणजे आत पुरेशी उष्णता लागली, एवढंच ती पट्टी सांगते. गाठोडं कोरडं झालं की नाही, ते सांगत नाही. आणि कापड ओलं असेल तर फडताळावरची धूळ, उचलणाऱ्याच्या हातावरचं काय वाटेल ते त्या ओलीतून आत शिरतं आणि थेट कापलेल्या पोटापर्यंत जातं.

"मॅडम, रोज कागद कशाला वाया घालवता?" वाफवाले काका पिंपाचं झाकण फिरवत म्हणाले. "मला विचारा की. ओलंच आहे."

"पंप?"

"कण्हतोय बिचारा. पण हवा ओढत नाही, त्यामुळे आतली वाफ आतच राहते. मी मागणी केलीय. तुम्हीही केलीय. गेल्या तीन वर्षांतल्या आपल्या मागण्या जिवंत असत्या ना, तर आत्तापर्यंत बोलायला लागल्या असत्या."

जंतूमॅडम हसली नाही. तिने वर पाहिलं. छताला एक पांढराशुभ्र पंखा फिरत होता आणि त्याच्या खालच्या भिंतीवर चौकटीत घातलेली पाटी होती: गुणवत्ता सुधारणा उपक्रम. त्या पंख्याकडे पाहिलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हा शब्द उच्चारायला रुग्णालयात कुणालाच फुरसत नव्हती, म्हणून तिला सगळे जंतूमॅडम म्हणत. तिची प्रयोगशाळा मागच्या बाजूला होती. वॉर्डातून पू आला की ती तो काचेच्या बशीत पसरायची, बशी उबेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यात काय उगवलं ते पाहून वर कळवायची. पंप बिघडल्यापासून सिझेरियन झालेल्या बायकांच्या टाक्यांमधून येणारा पू वाढला होता. आधी तिला योगायोग वाटला. मग तिने योगायोग मानणं सोडलं. ज्या दिवशी गाठोडी जास्त ओली, त्यानंतरच्या आठवड्यात बश्या जास्त. हे तिला इतकं नीट माहीत झालं होतं की वॉर्डातून पू आला की ती आधी मागच्या आठवड्यातली गाठोडी आठवायची.

रुग्णालयात दरवर्षी एक मोठी बैठक व्हायची. सेवेतल्या अडचणी शोधायच्या, त्यातली सर्वांत महत्त्वाची निवडायची आणि वर्षभर तिच्यावर काम करायचं, असा त्या बैठकीचा हेतू. भिंतीवर मोठा तक्ता लागायचा. प्रत्येकाला रंगीत गोल टिकल्या मिळायच्या. ज्याला जी अडचण मोठी वाटेल तिच्यापुढे त्याने टिकली चिकटवायची. मग टिकल्यांच्या संख्येला 'सोडवायला किती सोपी' याचे गुण गुणायचे. या सगळ्या खेळाचा कर्ताधर्ता असलेल्या गुणवत्ता अधिकाऱ्याला लोक पाठीमागे टिकलीबहाद्दर म्हणत.

पहिल्या वर्षी तिने 'ओली गाठोडी' असं लिहून दिलं. टिकल्या बऱ्या पडल्या, पण नवा पंप आणणं अवघड म्हणून सोपेपणाचा गुण मिळाला एकच. गुणाकार झाला आणि ओली गाठोडी यादीत 'बागेतला नळ गळतो' या अडचणीच्याही खाली गेली.

दुसऱ्या वर्षी टिकलीबहाद्दराने यादी आटोपशीर करायची म्हणून तिची अडचण आणि धोबीखात्याची 'चादरी वेळेवर वाळत नाहीत' ही अडचण एकत्र केली आणि वर नाव दिलं, 'ओले कपडे'. ओल्या कपड्यांना भरघोस टिकल्या पडल्या. उपाय सोपा होता. एक पंखा धोबीखात्यात लागला, एक इथे, वाफेच्या खोलीत. रुग्णालयाच्या साहेबांनी बटण दाबलं, फोटो निघाला, सूचनाफलकावर लागला. तेव्हापासून ओली गाठोडी पंख्याखाली मांडली जात आणि पंखा खोलीतली धूळ त्यांच्यावर इमानेइतबारे उडवत असे. त्या दिवशीच्या बैठकीत ती म्हणाली होती, "कापड वाळणं हा प्रश्न नाही. वाळायच्या आधी ते बाहेर येतं, हा प्रश्न आहे." पण ती हळू बोलते. टाळ्यांमध्ये ते कुणाच्या कानावर गेलं नाही.

आणि या वर्षी टिकलीबहाद्दराने तिला आधीच सांगून टाकलं होतं, "मॅडम, तो विषय सुटलेल्यांत गेलाय. सुटलेली अडचण पुन्हा तक्त्यावर घेता येत नाही. नियम आहे."

नियम तिच्याकडेही एक होता. संसर्ग रोखण्याची जबाबदारी तिच्यावर सोपवताना साहेबांनी दिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलं होतं की धोका दिसल्यास थिएटर बंद करण्याचा अधिकार तिला राहील. त्या अधिकाराला तिने आजवर बोट लावलं नव्हतं. एकदा प्रसूतीमॅडमजवळ, म्हणजे बाळंतपणाच्या मुख्य डॉक्टरकडे, तिने विषय काढला होता. प्रसूतीमॅडमने हातमोजे काढता काढताच तिला झापलं होतं. "बंद कर. खुशाल कर. पुढचं रुग्णालय डोंगराच्या पलीकडे आहे. रक्त जाणारी बाई गाडीत मेली की तिच्या नवऱ्याला तू सांग, गाठोडं ओलं होतं म्हणून. ताप आला तर माझ्याकडे औषध आहे. मेलेल्या बाईसाठी नाही."

जंतूमॅडम म्हणाली होती, "बघते." आणि तेव्हापासून ती बघतच होती.

*

फोन वाजला. पलीकडे तिची थोरली नणंद होती, आणि आवाज असा होता की फोन कानापासून लांब धरला तरी चालला असता.

"कुठेयस? वर ये. बायकांच्या वॉर्डात. लगेच."

वॉर्डाच्या दाराशीच नणंद उभी होती, कमरेवर हात ठेवून. मागे खिडकीजवळच्या खाटेवर भाची आडवी झाली होती. दिवस भरत आलेले, पोट गच्च, पाय सुजलेले.

"जागा नाही म्हणाली होतीस ना गं, वहिनी?" नणंदेने सुरुवात केली. "खाटा भरल्यात, आमच्याकडे नको, डोंगरापलीकडे जा. मी म्हटलं, बरं बाई, तुझं खरं. आज सहज खालच्या खिडकीवर फोन लावला. तो माणूस मला विचारतोय, खिडकीजवळची खाट हवी की भिंतीजवळची? हव्या तेवढ्या रिकाम्या!"

"ताई, तिकडचे डॉक्टर जास्त..."

"तिकडचे डॉक्टर माझ्या माहेरचे आहेत का? सख्ख्या भावाची बायको इथे एवढी मोठी डॉक्टर, आणि माझी लेक परक्यांच्या हातात देऊ? आमची ब्याद नको होती तर तोंडावर सांगायचंस. खोटं कशाला बोललीस?"

"आई, पुरे आता," भाची उशीला टेकत म्हणाली. "मामी, तू हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी मजेत आहे. फक्त हे महाराज पोटात उलटे बसलेत, खाली डोकं करायलाच तयार नाहीत."

"आजीवर गेलंय," जंतूमॅडम नकळत म्हणाली.

"कुणाच्या आजीवर? माझ्यावर?" नणंद कडाडली, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू फुटलं होतं. ती चिडली की भडकायची आणि एक वाक्य बरं मिळालं की विझायची, तशी होती. "उद्या सकाळी पहिला नंबर लागलाय हिचा. आणि तू आत उभी राहायचंस. मला दुसरं काही नको."

उद्या सकाळी. पहिला नंबर. जंतूमॅडमला पंख्याखालची ती रांग दिसली. खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं. पण शेजारच्या खाटेवर आणखी एक बाई बसली होती, तिचंही पोट तेवढंच, आणि ती उघडउघड ऐकत होती.

"तुम्ही इथल्या डॉक्टर का?" ती बाई म्हणाली. "बरं झालं. यांच्यानंतर माझाच नंबर आहे उद्या. माझ्या ओळखीचं इथे कुणी नाही. पण तुम्ही यांच्या मामी, म्हणजे वॉर्डाच्याच मामी की." आणि आपल्याच धिटाईला आपणच हसली.

त्या दोघींच्या मधे उभं राहून काय सांगायचं? एकीला उठवून घेऊन जायचं आणि दुसरीला म्हणायचं, तुम्ही बसा?

"मी बघते," जंतूमॅडम म्हणाली आणि बाहेर पडली. जिन्यावर आल्यावर तिला तो शब्द ऐकू आला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

*

दुपारच्या बैठकीत खुर्च्या कमी पडल्या होत्या. त्यावरूनच पहिला विनोद झाला.

"बघा साहेब," औषध विभागाचे प्रमुख म्हणाले, "प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या मोडक्या आहेत ही अडचण तक्त्यावर आहे, पण आमच्याच बुडाखाली खुर्ची नाही ही कुठे लिहायची?"

साहेब, म्हणजे रुग्णालयाचे अधीक्षक, मनमोकळं हसले. त्यांच्या हसण्याला सगळे हसले. साहेब वाईट माणूस नव्हते. जंतूमॅडमला तर ते आवडायचे. प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावं त्यांच्या तोंडपाठ असायची. कुणी आजारी पडलं तर स्वतः फोन करायचे.

टिकलीबहाद्दर तक्त्यापुढे उभा राहून नियम समजावत होता. "मंडळी, भावनेने नाही, विचाराने टिकली लावायची. किती लोकांना त्रास होतो, किती वेळा होतो, आणि आपल्या हातात किती आहे."

तक्त्यावर मोडक्या खुर्च्या होत्या. दिशादर्शक पाट्या होत्या. केसपेपरच्या खिडकीवरची रांग, वाहनतळ, जेवण थंड येतं, पिण्याच्या पाण्याची चव. जंतूमॅडमने हात वर केला.

"ओली गाठोडी," ती म्हणाली.

"मॅडम, आपलं बोलणं झालंय ना," टिकलीबहाद्दर अजिजीने म्हणाला. "ती गेल्या वर्षी सुटली."

"सुटली नाही. आज सकाळी मी पाहिलंय."

"पंखा चालू आहे ना?"

"आहे."

"मग?" त्याने सभेकडे पाहिलं, जणू गणित सुटलं होतं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मॅडमना आणखी एक पंखा द्या रे," आणि हशा पिकला.

तिचे कान तापले. बोलायला हवं होतं, पण नेहमीसारखे शब्द घशात आधी रांगेत उभे राहिले, एकमेकांना पुढे जा म्हणत बसले, आणि तेवढ्यात सगळे उठून टिकल्या चिकटवायला निघाले. ती आपल्या टिकल्या मुठीत धरून बसून राहिली. तिला लोकांचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. तीन वर्षं तिने यांना समजावण्यासाठी काय काय केलं होतं. अहवाल सोपे केले. शास्त्रीय नावं काढून टाकली. ओल्या कापडातून जंतू कसे शिरतात याचं चित्र काढून सूचनाफलकावर लावलं, तेही रंगीत. तिला नेहमी वाटायचं, यांना कळत नाही. आपण नीट सांगू शकत नाही, म्हणून यांना कळत नाही.

चहाची सुट्टी झाली. साहेब कप घेऊन तिच्याकडे आले आणि तिला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले.

"तुमची भाची ॲडमिट झाली म्हणे. मला एका शब्दाने सांगायचं नाही का? मेट्रन बोलली म्हणून कळलं."

"आजच आली, साहेब."

"मग तुम्ही अशा का बसलाय? चेहरा उतरलाय तुमचा." त्यांनी आवाज खाली आणला. त्या आवाजात खरी माया होती. "गाठोड्याची काळजी ना? अहो, सोडा. मी मेट्रनला सांगितलंय. घरचं गाठोडं लावतील."

"घरचं गाठोडं म्हणजे?"

साहेबांना आधी थट्टा वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की तिला खरोखरच ठाऊक नाही, आणि ते जरा ओशाळले. "तुम्ही मागे प्रयोगशाळेत असता, तुमच्यापर्यंत आलं नसेल. दातांच्या विभागात ते छोटं यंत्र आहे बघा, नवं. त्यात सगळं एकदम खडखडीत कोरडं निघतं. लहान आहे, कोंबूनकोंबून दिवसाला दोन-तीन सेट होतात. तर आपल्या माणसांपैकी कुणाच्या घरचं ऑपरेशन असलं की मेट्रन तो सेट वेगळा काढते. माझ्या सुनेला तेच लावलं. प्रसूतीमॅडमच्या बहिणीलाही. टाके इतके सुरेख सुकले, तुम्हाला सांगतो."

"कधीपासून?"

"काय?"

"हे कधीपासून चालतं, साहेब?"

"तसं म्हणाल तर पंप बिघडल्यापासूनच." त्यांनी तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "निर्धास्त राहा. या आत."

ते गेले. ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिचं डोकं तिच्या परवानगीशिवाय मागे मागे जाऊ लागलं, एकेका बशीवरच्या चिठ्ठीवर. तीन वर्षांतली नावं. शेतावरून आलेल्या, गिरणीतून आलेल्या, घरकाम करणाऱ्या, कुणाची ओळख न सांगणाऱ्या. ओळखीचं एक नाव नव्हतं. इथे काम करणाऱ्या कुणाच्या सुनेच्या, बहिणीच्या, लेकीच्या टाक्यांतून कधी पू आला नव्हता, आणि तिने, जी प्रत्येक उगवणीकडे भिंगातून पाहायची, तिने हे कधी पाहिलंच नव्हतं.

कळत नव्हतं असं नव्हतंच. त्यांना सगळं कळत होतं. ओलं गाठोडं काय करतं ते साहेबांना कळत होतं, मेट्रनला कळत होतं, समोर उभं राहून 'ताप आला तर औषध आहे' म्हणणाऱ्या प्रसूतीमॅडमला तर चांगलंच कळत होतं. तिचे अहवाल त्यांनी नीट वाचले होते. वाचून त्यांनी आपापल्या घरच्या बायका बाजूला काढल्या होत्या आणि उरलेल्यांसाठी पंखा बसवला होता.

खिशात फोन गुरगुरला. नणंदेचा निरोप होता. 'मेट्रनबाई स्वतः येऊन गेल्या. लेकीला सगळं वेगळं, खास देणार म्हणाल्या. तुझ्यामुळे गं. सकाळी बोलले ते मनावर घेऊ नकोस, माझी जीभच तशी आहे. माझी वहिनी ती माझी वहिनी.'

तिने तो निरोप दोनदा वाचला. आता काहीच करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. भाची सुखरूप, नणंद खूश, घरात शांतता. आणि कुणालाही न दुखावता. तिच्या मनात क्षणभर, अगदी खरोखर, विचार आला: एकदाच. एवढं एकदा होऊन जाऊ दे, मग बघू. त्या क्षणाची चव तिला ओळखीची वाटली. साहेबांनाही सुनेच्या वेळी असंच वाटलं असणार. सगळ्यांनाच एकदाच वाटलं असणार.

दाराशी मेट्रन, परिचारिकांची प्रमुख, कप गोळा करवून घेत होती. जंतूमॅडम तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मेट्रन, उद्या दुसऱ्या नंबरला जी बाई आहे, तिला कुठलं गाठोडं?"

मेट्रनने नजर चुकवली. "ते... नेहमीचं."

"वाफेच्या खोलीतलं."

"मॅडम, त्या छोट्या यंत्रात मावतं किती? आणि कुणाला द्यायचं ते मी ठरवते का? मला वरून सांगतात." मेट्रनचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "नाही म्हणून बघितलं असतं मी. पण माझीही लेक आहे. तिची वेळ आली तर कुणाकडे बघू?"

"ती शेजारी बसली होती ना, तुम्ही माझ्या भाचीला खास देणार म्हणालात तेव्हा?"

"होती."

"काय म्हणाली?"

मेट्रनने एक कप दुसऱ्यात ठेवला. "म्हणाली, मलाही द्याल का."

*

सगळे परत जागेवर बसले तेव्हा गुणाकार झाला होता. टिकलीबहाद्दराने लाल खडूने एका ओळीभोवती गोल काढला. प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "यंदा रुग्णांना निदान नीट बसता येईल. कुणाला काही बोलायचंय? नाही ना? मग..."

"मला बोलायचंय."

जंतूमॅडम उभी राहिली होती. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता, पण कुजबुज थांबली, कारण ती कधी उभी राहत नसे.

"माझी भाची वर ॲडमिट आहे. उद्या तिचं सिझेरियन आहे. आत्ता चहाच्या वेळी मला सांगण्यात आलं की तिला घरचं गाठोडं लावतील. मला हे गाठोडं ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी कुणाकुणाला ठाऊक होतं?"

औषध विभागाचे प्रमुख पेनचं टोपण काढघाल करू लागले.

"मॅडम, हा आजचा विषय नाही," टिकलीबहाद्दर कसाबसा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही ठाऊक होतं.

"हाच विषय आहे. तुम्ही म्हणालात, कोणती अडचण मोठी ते ठरवायचं. तर सोपं विचारते. खाली पंख्याखाली जी गाठोडी मांडली आहेत, ती उद्या ज्यांच्या ज्यांच्या घरच्या बाईला लागणार आहेत, त्यांनी हात वर करा."

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला, जो आधीच सरळ होता.

"खुर्चीसाठी एवढ्या टिकल्या लागल्या मघाशी," ती म्हणाली. आता तिचा आवाज खरोखर चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "यासाठी एकही हात नाही! म्हणजे सगळ्यांनी मत दिलंय की. तीन वर्षांपूर्वीच दिलंय, गुपचूप, आपल्या घरापुरतं. मग हा रंगीबेरंगी टिकल्यांचा तमाशा कशाला? मी मूर्खासारखी चित्रं काढत बसले, तुम्हाला समजावं म्हणून! समजलेलं होतं तुम्हाला. माझ्या बश्यांमध्ये जे उगवत होतं ते कुणाच्या अंगात उगवायचं, एवढंच तुम्ही ठरवत होतात."

"तोंड सांभाळून बोल," प्रसूतीमॅडम ताडकन उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "तू मागे काचेच्या बश्या घेऊन बसतेस. माझ्या पायाशी रक्ताचं थारोळं होतं. अडलेली बाई दारात आली की मी काय करायचं? तुझं चित्र दाखवायचं तिला? बंद केलंस तर बायका रस्त्यात मरतील, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. आणि मी तीन वर्षं गप्प बसले, कारण मला वाटलं तुझ्याकडे दुसरा मार्ग नाही." जंतूमॅडमने तिच्याकडे सरळ पाहिलं. "मार्ग होता. दातांच्या विभागात होता. तू तो तुझ्या बहिणीसाठी वापरलास. रक्त जाणाऱ्या बाईसाठी का नाही वापरलास?"

प्रसूतीमॅडम खाली बसली तेव्हा खुर्ची करकरली, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

"हे बघा," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण घरचं माणूस आत असलं की आपण जरा हळवे होतो. आपण असं करू, एक छोटी समिती नेमू. तुम्हीच अध्यक्ष. महिनाअखेर..."

"उद्या सकाळी दोन बायका आहेत, साहेब. महिनाअखेर नाही."

"तुमच्या भाचीची व्यवस्था झालीय. मी शब्द दिलाय."

"तो परत घ्या."

"अहो, तुमच्या नणंदेला काय सांगाल? लेकीला ऐन वेळी उचलून डोंगरापलीकडे नेणार? तुमच्या घरात काय होईल याचा विचार..."

"काय होईल ते मला माहीत आहे. वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. मी खोटं बोलले होते, ते तिला आजच कळलंय. आता खरं सांगेन, ते तिला जास्त लागेल." तिने हातातल्या टिकल्या टेबलावर ठेवल्या. "छोट्या यंत्रातले सगळे सेट आजपासून अडलेल्या बाईचे. दारात जी येईल तिचे, मग ती कुणाची कुणी असो वा नसो. ठरवून होणारी सगळी ऑपरेशनं पलीकडे पाठवायची. दोघी एका गाडीत जातील, माझी भाची आणि तिच्या शेजारची, आणि बरोबर मी जाईन."

"असं एकाएकी करता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजातली माया प्रथमच आटली होती. "तुम्हाला तसा अधिकार..."

"आहे. तुमच्याच सहीचा आहे. तुम्ही तो शोभेला दिला होता आणि मीही शोभेलाच ठेवला."

"मॅडम, विचार करून बोला. एकदा बोललात की बोललात."

"तेच करते आहे," ती म्हणाली. "ठरवून होणाऱ्या ऑपरेशनांना थिएटर आत्तापासून बंद. पंप बदलून गाठोडं कोरडं निघेपर्यंत बंद, आणि ते मी बंद केलंय."